बीचच्या सावलीतला रानलसूण

हाझलबाख गावाच्या उत्तरेला, जिथे शेवटचे घर संपते आणि बीच वृक्षांचे वन सुरू होते, तिथे नोटबुर्गा वाइसेनबर्गर राहते. तिच्या घराच्या मागील अंगणात वर्षातले बहुतेक दिवस ऊन उतरत नाही. ती लग्न होऊन या घरात आली, तेव्हा सासऱ्यांनी तो कोपरा दाखवून म्हटले होते, "इथे काही उगवायचं नाही, पोरी. इथे आपण लाकडं रचतो." नोटबुर्गाने लाकडे मात्र दुसरीकडे रचली. सावली म्हणजे केवळ उन्हाचा अभाव, असे ज्याला वाटते त्याने अरण्य नीट पाहिलेले नसते. ऊन हे जसे दान आहे तशी सावलीही दानच आहे, आणि ते दान स्वीकारणाऱ्या वनस्पतींची जात निराळी असते, हे ती गावातल्याच माहेरच्या बागेत शिकून आली होती.

त्याच माहेराहून तिने ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून रानलसणाचे कंद आणले. आमच्याकडे त्याला अस्वलाचा लसूण म्हणतात. हिवाळ्याच्या निद्रेतून उठलेले अस्वल प्रथम हीच पाने खाते, असे जुनी माणसे सांगत. कंद तिने बीचच्या मुळांमधल्या मऊ मातीत ठेवले, त्यांवर त्याच झाडाचा कुजलेला पाला पसरला, आणि मग बागकामातले सर्वांत अवघड कर्म केले: काहीही न करणे. तिने तिथे कुदळ चालवली नाही, खत घातले नाही. शरदात सारे गाव अंगणातली पाने गोळा करी, तेव्हा तिचा कोपरा तांबूस पाचोळ्याने गुडघाभर भरलेला असे.

"लेओपोल्ड, बायकोला एक खराटा घेऊन दे की," शेजारचा कोर्बिनियान कुंपणावरून म्हणे. तो चर्चच्या घंटा वाजवणारा, नोटबुर्गाचा बालवर्गापासूनचा सोबती.

"तू तुझ्या घंटा पुसत बस, कोर्बिनियान," ती म्हणे. "माझ्या पानांना पांघरूण लागतं."

पहिली काही वर्षे त्या वाफ्यात पाहण्याजोगे काही नव्हते. बी पडे, निजे, आणि आपल्या सवडीने उठे. मार्च महिन्यात हिरवी टोके वर येत, एप्रिलमध्ये पाने पसरत, मे महिन्यात पांढऱ्या चांदण्यांसारखी फुले उमलत. आणि जून सरता सरता सारे पिवळे पडून मातीत असे विरून जाई, की नवख्याला वाटावे, इथे कधी काही नव्हतेच. धीर धरणाऱ्यालाच हा वाफा प्रसन्न होतो. नोटबुर्गाला तो प्रसन्न झाला. तिच्या केसांत पहिली रुपेरी रेषा आली त्या सुमारास बीचखालची सारी भूमी हिरवी झाली होती.

तिचा नियम एकच होता. एका रोपाचे एकच पान घ्यायचे, तेही देठाला हात लावून, डोळ्यांनी पाहून, चाकूने. उरलेली पाने कंदाची. मुठीने ओरबाडणाऱ्याला ती वाफ्याजवळ उभे करीत नसे.

आमच्या गावात ईस्टरच्या आधीचा गुरुवार हा हिरवा गुरुवार. त्या दिवशी प्रत्येकाच्या मुखात काहीतरी हिरवे गेलेच पाहिजे. चर्चच्या सभागृहात दुपारी बटाटा आणि रानलसणाचे सूप असते. ज्यांच्या घरी कुणी उरले नाही अशी वृद्ध माणसे तिथे एकत्र जेवतात. पाने नोटबुर्गाच्या वाफ्यातली. पहिली वाटी घंटा वाजवणाऱ्याची, कारण त्या संध्याकाळी घंटा रोमला जातात, अशी जुनी समजूत आहे, आणि ईस्टरपर्यंत त्या मुक्या राहतात. कोर्बिनियानने घंटा सोडून वर्षे झाली, तरी वाटीवरचा हक्क त्याने सोडलेला नव्हता.

या शांत वाफ्यात एक काटा होता, आणि तो प्रेमाने रोवलेला होता.

मुलगा सेव्हेरिन याचे लग्न झाले आणि मिर्याम सून होऊन आली. लिन्त्स शहरातली, हसरी, हाताने चपळ. सेव्हेरिन डॅन्यूबवरच्या मालवाहू जहाजावर असे. सासू खाली राही, सून वर. पहिल्याच मे महिन्यात, मातृदिनी, नोटबुर्गा चर्चमधून परतली तेव्हा मिर्याम मातीने माखलेल्या हातांनी दारात उभी होती.

"आई, डोळे मिटा. आता या. आता उघडा!"

रानलसणाच्या वाफ्याला अगदी लागून, बीचच्या बुंध्याशी, तिने घंटाफुले लावली होती. इवल्याशा पांढऱ्या घंटांची माळ असलेली, गोड वासाची, सावलीत वाढणारी.

"दुकानदार म्हणाला, सावलीत याच्यासारखं दुसरं नाही. आवडलं ना?"

रानलसूण आणि घंटाफूल यांची पाने जुळ्या बहिणींसारखी दिसतात. एक पोट भरते, दुसरी हृदयाची गती थांबवू शकते. रानलसणाचे प्रत्येक पान आपल्या स्वतंत्र देठावर जमिनीतून वर येते. घंटाफुलाची दोन पाने एकाच म्यानातून, एकमेकींना कवटाळून निघतात. जाणत्याला हा भेद पुरेसा आहे. पण घंटाफुलाची मुळे मातीखालून गुपचूप चालतात, आणि कुंपणे त्यांना ठाऊक नसतात.

"फार सुंदर," नोटबुर्गा म्हणाली. घरात पाऊल टाकून वर्षही न झालेल्या मुलीला, तू माझ्या अन्नात विष पेरलेस, असे कोणत्या तोंडाने सांगावे?

तेव्हापासून प्रत्येक शरदात, मिर्याम वर स्वयंपाकात असताना, नोटबुर्गा गुडघे टेकून त्या कडेला बसे आणि वाफ्याकडे सरकलेली मुळे उपटून टाकी. कुणाला काही बोलली नाही. ईस्टर हा चंद्राच्या चालीने मागेपुढे सरकणारा सण. तो लवकर आला, की घंटाफुलांची पाने अजून मातीतच असत. उशिरा आला, की नोटबुर्गा स्वतः खुडायला बसे. अशा रीतीने सारे सुरळीत चालले होते.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी दोन्ही आधार एकदम सुटले. शरदात तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, त्यामुळे कड साफ करायची राहिली. आणि ईस्टर आला तो एप्रिल सरत आल्यावर.

हिरव्या गुरुवारी सकाळी नोटबुर्गा रस्त्याकडच्या खोलीत, पाय उशीवर ठेवून बसली होती. मिर्याम टोपली घेऊन खाली आली.

"आई, आज मी खुडते. तुम्ही इथे बसा आणि माझ्यावर रागवा."

"रागवायला मला बसावं लागत नाही. चाकू कुठला घेतलास?"

"तुमचा. वाकडा."

"एका रोपाचं एकच पान."

"माहीत आहे, आई."

"आणि..." नोटबुर्गा थांबली. त्या कडेला जपून, एवढेच म्हणायचे होते. पण ते म्हटले की का, हेही सांगावे लागणार. आणि मग इतक्या वर्षांचे मौन, दरवर्षी उपटून फेकलेली ती भेट, सारेच उघडे पडणार.

"आणि काय?"

"काही नाही. शाल घे. तिथे गारठा असतो."

मिर्यामने टोपली भरली, सायकलच्या पुढच्या दांडीला अडकवली, खिडकीखालून "सभागृहात देऊन येते, मग थोडं काम आहे" असे ओरडून सांगितले आणि ती उताराने निघून गेली.

बसून बसून नोटबुर्गाचा जीव उबगला. तिने काठी घेतली आणि भिंतीच्या आधाराने मागच्या अंगणात गेली. वाफा पाहून तिला प्रथम समाधान वाटले. कापणी स्वच्छ होती. कुठे ओरबाडलेले नाही, कुठे रोप उघडे पडलेले नाही. मग तिची दृष्टी बीचच्या बुंध्याकडे गेली.

रानलसणाच्या आत, हातभर आत, घंटाफुलाची एक जोडी उभी होती. दोन पाने, एका म्यानात. आणि तिच्या भोवतालची जमीन रिकामी होती.

नोटबुर्गा काठीवर रेलून वाकली. घंटाफूल एकटे येत नाही. ते कुटुंबासह येते. एक इथे उभे आहे, तर बाकीची कुठे गेली? टोपलीत गेली, असे उत्तर तिच्या मनाने दिले.

डॉक्टरांनी तिला उतार चालायला मनाई केली होती. ती उताराने निघाली. अर्ध्या वाटेवर असताना दुपारच्या घंटा सुरू झाल्या. दरवर्षी त्या नादाने तिचे मन भरून येई. आज प्रत्येक ठोक्याला तिला एक वाटी भरलेली दिसत होती. हे प्रभू, तिने मनात म्हटले, माझ्या एका संकोचासाठी इतक्या म्हाताऱ्या जिवांना नेऊ नकोस.

सभागृहाचे दार तिने काठीनेच ढकलले.

लांब टेबलाभोवती माणसे बसली होती, समोर राय धान्याच्या पावाचे तुकडे होते. पाद्रींच्या घरची स्वयंपाकीण क्रेसेंत्सिया हातात पळी घेऊन मोठ्या पातेल्यापाशी उभी होती. वाट्या नुकत्याच भरू लागल्या होत्या.

"थांबा! कुणी तोंडाला लावू नका!"

चमचे हवेत थांबले.

"का गं?" क्रेसेंत्सिया म्हणाली. "मीठ न चाखताच कळलं तुला?"

"पानांत घंटाफूल गेलं असेल. माझ्या वाफ्यात शिरलंय ते."

क्रेसेंत्सियाने झाकण ठेवले आणि त्यावर दोन्ही हात दाबले, जणू आतून कुणी बाहेर येणार होते.

"शक्य नाही. मी एकेक पान हुंगलंय. सगळ्यांना लसणाचाच वास होता."

"पहिल्या मुठीनंतर तुझी बोटंच लसूण झाली, क्रेसेंत्सिया. त्यानंतर टेबलावरचं कापड हुंगलं असतंस तरी लसूणच आला असता."

क्रेसेंत्सियाने आपली बोटे नाकाशी नेली आणि तिचा चेहरा उतरला. पातेल्यात पाहून उपयोग नव्हता. पाने यंत्रात वाटून सुपाशी एकजीव झाली होती.

"खाल्लं का कुणी?" नोटबुर्गाने विचारले.

टेबलाच्या टोकाकडून खाकरण्याचा आवाज आला. कोर्बिनियानसमोर रिकामी वाटी होती.

"मी पावानं पुसूनसुद्धा घेतली," तो म्हणाला.

"कसं वाटतंय तुला?"

"आत्तापर्यंत छान वाटत होतं. तू आल्यापासून बरं वाटत नाही."

क्रेसेंत्सियाने भिंतीवरचा फोन उचलला आणि विषबाधेच्या मदतीचा क्रमांक लावला. ऐकता ऐकता ती मोठ्याने सांगत गेली: बाकी कुणी खाऊ नये, पान कोणते ते निश्चित करावे, ज्याने खाल्ले त्याला एकटे सोडू नये, नाडीवर हात ठेवावा, उलटी झाली किंवा नाडी मंदावली तर तत्काळ रुग्णवाहिका. फोन ठेवून ती कोर्बिनियानशेजारी बसली आणि तिने त्याचे मनगट धरले.

"एवढी वर्षं वाट पाहिली," कोर्बिनियान म्हणाला, "शेवटी हिनं माझा हात धरला. पण मुहूर्त पाहा."

"गप्प बस. मोजू दे."

"संध्याकाळी घंटा रोमला जाणार. मीही त्यांच्याबरोबर निघालो वाटतं. प्रवासाला सोबत चांगली आहे."

"कोर्बिनियान, मी हात सोडीन हं!"

नोटबुर्गा मिर्यामचा क्रमांक पुन्हा पुन्हा लावत होती. फोन वाजत राही, उचलला जात नसे. कुठेतरी थोडे काम आहे, एवढेच तिला माहीत होते.

"शहरातली पोर ती," क्रेसेंत्सिया नाडीवरचे बोट न काढता पुटपुटली. "तिच्या लेखी हिरवं ते सगळं गवत. तिच्या हाती चाकू द्यायचाच नाही."

"तिला बोल लावू नकोस," नोटबुर्गा म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. "घंटाफुलं वाफ्यात शिरतात हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिनं भेट दिली होती, म्हणून मी तिला सांगितलं नाही. दरवर्षी चोरून उपटत राहिले. आज सकाळीसुद्धा तोंडाशी आलं आणि मी शालीचं बोलले. कोर्बिनियानला काही झालं, तर ते माझं आहे. तिचं नाही."

तेवढ्यात मागचे दार उघडले. चर्चच्या स्मशानभूमीतून सभागृहात यायला ते दार आहे. मिर्याम आत आली, कोपरापर्यंत मातीने भरलेले हात पुढे धरून, आणि सरळ नळाकडे निघाली. मग तिला सगळ्यांचे चेहरे दिसले.

"काय झालं? आई, तुम्ही? त्या उतारानं? डॉक्टरांनी..."

"मिर्याम, घंटाफुलं. वाफ्यातली. तू ती..."

मिर्यामने झाकलेले पातेले पाहिले, क्रेसेंत्सियाच्या हातातले मनगट पाहिले, आणि तिच्या ध्यानात सारे आले.

"नाही! आई, नाही. एकही नाही. खुडण्याआधी मी ती सगळी मुळासकट काढली. वेगळ्या पिशवीत. हात धुतले, आणि मग चाकू घेतला. या, दाखवते."

स्मशानभूमी दाराबाहेरच होती. सूचिपर्णी यू वृक्षाच्या दाट छायेत नोटबुर्गाच्या नवऱ्याच्या, लेओपोल्ड वाइसेनबर्गरच्या थडग्याचा दगड आहे; तिथेही काही उगवत नाही म्हणून नोटबुर्गा दरवर्षी कुंडी ठेवी. आज दगडापुढची माती नुकतीच हलवलेली होती, ओली होती, आणि तिच्यात घंटाफुलांच्या जोड्या ओळीने उभ्या होत्या. उन्हातून आलेल्या पाहुण्यांसारख्या थोड्या माना टाकलेल्या, पण प्रत्येक जोडी अखंड, आपल्या म्यानासकट. कुणाचेही पान कापलेले नव्हते. बीचखाली जेवढी भूमी रिकामी दिसली होती, तेवढी इथे भरलेली होती.

नोटबुर्गाने दगडावर हात टेकून श्वास सोडला. तो श्वास सकाळपासून नव्हे, त्या पहिल्या मातृदिनापासून आत अडकून राहिलेला असावा.

"तुला कसं कळलं?" तिने विचारले.

"वरच्या खिडकीतून वाफा दिसतो, आई. पहिल्या शरदातच मी तुम्हाला उपटताना पाहिलं. रात्रभर रडले, वाटलं, माझी भेट आवडली नाही. मग शोधून काढलं की का. तेव्हा तर आणखीच लाजले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"



"आणि ती एक जोडी कशाला ठेवलीस? ती पाहून माझा प्राण गेला होता."

मिर्याम मातीच्या हातांनी कपाळ पुसायला गेली आणि कपाळही मातीचे झाले. "मुद्दाम ठेवली. म्हटलं, तुम्ही बऱ्या झालात की त्या जोडीपाशी घेऊन जाईन, आणि म्हणेन, हे बघा. मग तरी एकीला बोलावंच लागेल. तुम्ही गुडघा घेऊन आजच जाल हे मला काय माहीत?"

नोटबुर्गा हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि ते लपवण्याची तिला गरज वाटली नाही.

दारात क्रेसेंत्सिया उभी होती. तिने कोर्बिनियानला मनगटाला धरूनच बाहेर आणले होते. तिने प्रत्येक जोडी वाकून पाहिली, आत जाऊन फोनवर पुन्हा सारे कळवले, काळजीचे कारण नाही असे पलीकडून ऐकले, आणि मग मिर्यामसमोर येऊन उभी राहिली. "मघाशी मी एक वाईट बोलले," ती म्हणाली. "तू ऐकलं नाहीस. पण मी बोलले."

"मग मी कशाला ऐकू?" मिर्याम म्हणाली आणि नळाकडे गेली.

आत सारे वाट पाहत होते. झाकण निघाले. तरीही कुणी वाटी पुढे करीना. भय हे सुपापेक्षा हळू निवते. तेव्हा नोटबुर्गा पातेल्यापाशी गेली, स्वतःच्या हाताने वाटी भरली आणि उभ्यानेच, सर्वांच्या देखत, पहिला चमचा तोंडात घातला. बटाट्याची मऊ चव, मागून साय, आणि त्यामागून बीचच्या सावलीचा तो तिखट हिरवा वास. तिने पूर्ण वाटी संपवली आणि तळ पावाने पुसला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

टेबलावर एकदम सगळे बोलू लागले. मिर्यामने धुतलेला वाकडा चाकू सासूपुढे धरला. नोटबुर्गाने तिची मूठ त्यावर मिटून दिली.

"राहू दे तुझ्याकडे. आणि ती जोडी उद्या काढ. लेओपोल्डपाशी लाव."

कोर्बिनियानने आपले मनगट पाहिले. ते अजून क्रेसेंत्सियाच्या हातात होते. त्याने दुसऱ्या हाताने वाटी पुढे सरकवली.

"पहिली भीतीत गेली," तो म्हणाला. "दुसरी चवीनं खातो. घंटांना सांगा, यंदा एकट्याच जा."